पोहण्यात 'अ' श्रेणी

धाराशिवच्या आमच्या खासगी शाळेत नववीपासूनच मेडिकल-इंजिनिअरिंगची तयारी करून घेत. वर सर्वांगीण विकास म्हणून पोहणंही शिकवत. त्यासाठी निळ्या फरश्यांचा टँक बांधला होता, फक्त त्यात पाणी नव्हतं. आठवड्याला एकदा नळ यायचा, टँक भरणार कशानं? म्हणून आम्ही वर्गातल्या बाकांवर पालथं पडून शिट्टीच्या तालावर हातपाय मारायचो. पोटाला बाकाची कड रुतायची आणि हसलं की गुण कापले जायचे. सहामाहीला माझ्या प्रगतिपुस्तकात पोहण्यापुढं 'अ' लागला.

वडिलांनी तो 'अ' आमच्या गावात, बेंबळीत, सगळ्यांना दाखवला. दिवाळीच्या सुट्टीत मला चुलत्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. विहीर तुडुंब भरली होती. पाठीला डबे बांधून पोहणाऱ्या माझ्या चुलत बहिणी पाण्यातून वर बघू लागल्या.

"मार उडी," वडील म्हणाले.

मी सदरा काढला, त्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. बुडण्यापेक्षा मला वडिलांच्या तोंडाची भीती जास्त वाटत होती. त्या शाळेसाठी त्यांनी घरात सगळ्यांशी भांडण घेतलं होतं. शेवटी मी खाली बघत सांगून टाकलं, की आम्हाला बाकावर शिकवलंय, पाण्यात कधी उतरवलंच नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सदरा उचलून माझ्या हातात दिला आणि बहिणींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "आन् बाकीचे विषय कसे शिकिवलेत रं?"