तळाचं पान

आमचे साहेब फाइल उलटी वाचायचे. म्हणजे तळापासून. आमच्या विद्यापीठात नवा कागद वर लागतो, जुना खाली दबत जातो. बाकीचे लोक वरचं पान बघून सही ठोकतात. साहेब नाडी सोडायचे, फाइल पालथी घालायचे आणि म्हणायचे, “वरच्या पानावर निर्णय असतो. तो आधी कुणाच्या मनात आला, ते तळाला सापडतं.”

परदेशी विद्यापीठांशी होणारे करार, तिकडून येणारे विद्यार्थी आणि पाहुणे, हे सगळं पाहणारा आमचा चार टेबलांचा कक्ष. बाकीच्या ऑफिसात त्याला ‘फॉरेनवालं खातं’ म्हणत. मी तिथे कारकून म्हणून लागले तेव्हा गोऱ्या माणसाशी एक शब्द बोललेली नव्हते. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, घरात पहिली पदवी माझी. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण पदवी मिळाली म्हणून तिकडच्या लोकांना पत्र लिहिता येत नाही. ते साहेबांनी शिकवलं.

दर शनिवारी तालीम असायची. भर मे महिन्यात साहेब गळ्याला मफलर गुंडाळून, परदेशी प्रोफेसर होऊन दारातून यायचे. आम्ही स्वागत करायचं. मी मान खाली घालून ‘वेलकम सर’ पुटपुटले की ते परत दाराबाहेर. असं सात-सात वेळा. एकदा शिपाई रमणभाई कंटाळून गुजरातीत म्हणाला, “साहेब, आ गोराने चा आपवानी के नहीं?” साहेब मफलरातूनच म्हणाले, “आधी हिला नजर वर करू दे, मग चहा.”

आणि हा माणूस स्वतः कधी परदेशी गेलेला नव्हता. पासपोर्ट दोनदा मुदत संपून नवा काढलेला, एकावरही शिक्का नाही.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आपल्याकडे फॉर्मवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. त्याच सवयीनं मी एका परदेशी विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर तिच्या वडिलांचं नाव जोडून दिलं. निरोपाच्या कार्यक्रमात ती मंचावरूनच म्हणाली, “पण हे तर माझे बाबा!” सभागृह हसलं. तिच्या विद्यापीठाचं मात्र कडक पत्र आलं. साहेबांनी उत्तर स्वतः लिहिलं, चूक आपल्याच हातून झाली असं सांगून. मला म्हणाले, “ही चूक आता माझी. तुझ्या नावावर कुठेही लागणार नाही. घरी जा, नीट जेव.” त्या दिवशी त्यांनी सांगितलं असतं ते मी केलं असतं.

पुढे युरोपातल्या एका विद्यापीठाचं निमंत्रण आलं. ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्यानं आठवडाभर तिकडे प्रशिक्षणाला यायचं होतं. साहेब म्हणाले, “तूच. पासपोर्ट काढ.” चौकशीला पोलीस आमच्या रेल्वे क्वार्टरवर आला, तर वडिलांनी त्याला बळेबळे दोनदा चहा पाजला. पासपोर्ट आल्यावर तो डब्याच्या पिशवीत घालून अख्ख्या वर्कशॉपला दाखवून आणला.

महिन्याभरानं साहेबांनी मला समोर बसवलं. “बेटा, वरून तुझं नाव कापलं. मलाच जा म्हणतात. माझा काय इलाज?”

मला माझ्याहून त्यांचंच वाईट वाटलं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांचं भाषण मीच तयार केलं, कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. एका शनिवारी मफलर मी गुंडाळला आणि त्यांची तालीम घेतली.

ते चॉकलेटं घेऊन परतले. प्रवासाचा अहवाल माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, “लाव फाइलला.” मी नाडी सोडली आणि सवयीनं फाइल पालथी घातली. तळाला निमंत्रण. त्यावर पहिली टिपणी, साहेबांच्या ठसठशीत अक्षरात. इंग्रजीत होती, अर्थ असा: या कर्मचाऱ्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, बाहेर वावरण्याची सवय नाही, प्रमाणपत्राची चूकही हिचीच होती, सबब यंदा कक्षप्रमुखानं जाणं योग्य. त्यावर वरिष्ठांची नुसती सही, ‘मान्य’. वरून कुणी काही कापलंच नव्हतं.

घराचं लिहिलं ते मी सोसलं असतं. लोक लिहितात, बोलतात. पण ती चूक त्यांनी माझ्याकडून मागून घेतली होती.

फाइल त्यांच्यापुढे तशीच उघडी ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं काढली गं,” ते म्हणाले.

“माझ्याकडे मागायचं होतंत, साहेब. मी हसत दिलं असतं.”

“माहीत होतं. म्हणून तर मागवेना.”

निवृत्तीच्या दिवशी गुच्छ मीच दिला, नजर वर ठेवून. ते बघत होते जमिनीकडे. आता दिवाळीला फोन येतो. “मजामा ना, बेटा?” “मजामा, साहेब.” एवढंच बोलून फोन ठेवतो. ते पान काढून टाकणं त्यांना अवघड नव्हतं. काढलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

शनिवारची तालीम हल्ली मी घेते. नवी माणसं आली की पहिल्या दिवशी सरावाला तीच फाइल देते आणि तळापासून वाचायला सांगते. तळाशी पोचल्यावर कुणीतरी थांबतं, टिपणीतलं माझं नाव बघतं, मग माझ्याकडे बघतं.

मी म्हणते, “वाचा पुढे. अक्षर सुंदर आहे.”