मूठ वळा बरं

रंगनाथमामा कुणाला नमस्कार करत नसत. नवा माणूस समोर आला की त्याचा हात आपल्या पांढुरक्या, भेगाळलेल्या हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "मूठ वळा बरं." सुप्याच्या रस्त्याला मी हाडांचा दवाखाना काढला तेव्हा ते नोकरी मागायला आले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझीच मूठ तपासली. चारही बोटं अंगठ्याच्या मुळाकडं वळतात का, एवढं पाहिलं. "सरळ हाय. करीन काम तुमच्याकडं," म्हणाले. मुलाखत संपली.

ते प्लास्टर घालणारे. शिक्षण बेताचं, पण हातांचं ज्ञान असं की कधीकधी मला माझी पदवी चोरीची वाटायची. सुप्याच्या कारखान्यांतून दबलेले, आपटलेले हात रोज यायचे. एक्स-रेच्या आधी मामा मूठ बघायचे. दुखत असेल तर अर्धी. वळलेली बोटं एका रांगेत असली तर मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला बांधून द्यायचे. "शेजारी धडधाकट असला की आजारी मानूस बी नीट वागतो," असं पेशंटला सांगायचे. एखादं बोट दुसऱ्यावर चढलेलं दिसलं तर मात्र तेच घाई करायचे. एका फिटरला तर त्यांनी घरी जाऊच दिलं नाही. "ह्याला टेबलावर घ्या, डॉक्टरसाहेब. हा बांधून भागायचा न्हाई." ऑपरेशनशी त्यांचं वैर नव्हतं. उगाच केलेल्या ऑपरेशनशी होतं.

त्याला कारण त्यांचं घर. दवाखान्यांचा कचरा जाळायची एक भट्टी आहे, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मामांची वस्ती. एका बोटाच्या ऑपरेशनला किती सामान लागतं हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. अंगभर झगे, टेबलभर चादरी, टोप्या, मास्क, कापूस. सगळं एकदाच वापरायचं. रक्त लागलेलं पिवळ्या पिशवीत जातं आणि पिवळी पिशवी भट्टीत. लाल पिशवीतलं प्लास्टिक निदान पुन्हा कामाला येतं. मामा टेबलावरच्या करंगळीकडं बघायचे, मग कोपऱ्यातल्या पिशव्यांकडं. "बोट एवढंसं, आन् पसारा बघा. लगीन उरकल्यावानी."

सकाळी आले की माझी फिरकी घ्यायचे. "काल तुमच्याकडं दोन-तीन ऑपरेशनं झाली वाटतं? आमच्या मंडळींनी कुरडया आत घेतल्या." पत्र्यावर वाळवण घातलं की धूर यायचा आणि मामींना सगळं उचलावं लागायचं. धूर जिल्ह्याभरच्या दवाखान्यांचा होता, पण ओरडा मामा मला द्यायचे.

मी एकदा चिडून म्हणालो, "तुमचं प्लास्टरपण पिवळ्यातच जातं की!"

"जातंय की. मी कुठं न्हाई म्हंतो? पन माझी एक पिशवी, तीबी अर्धी. तुमची मोजा." मग म्हणाले, "आन् दर आठ दिसाला पेशंटला बोलवू नका. नुसतं दाखवायला येतंय, आन् तेवढ्यासाठी गाडी फिरवून पेट्रोल जाळतंय. पट्टी कशी सोडायची ते शिकवा, घरीच सोडंल." त्यांनी तसं शिकवायला सुरुवातही केली होती, मला न विचारता.

आता जे सांगायचं ते सांगतो. आजवर हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

अलका एका कंपनीत पॅकिंगला होती. फाटकाशी घसरून पडली आणि उजव्या करंगळीखालचं तळहातातलं हाड मोडलं. मामांनी मूठ वळायला लावली. तिनं डोळे मिटून अर्धी वळली. बोटं सरळ रांगेत होती. मलाही दिसत होती. मामा पट्टी घेऊनच उभे होते. "बांधून देतो, डॉक्टरसाहेब. महिन्याभरात भाकऱ्या थापंल बाई."

आदल्याच दिवशी दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं. ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दिसायचं. मला ते वापरून बघायचं होतं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी अलकाला म्हणालो, "ऑपरेशनशिवाय हे बसणार नाही." मामांनी हातातली पट्टी गुंडाळली आणि परत डब्यात ठेवली.

मी हाडात दोन तारा घातल्या. पडद्यावर फार सुंदर दिसल्या. पंधरा दिवसांत तारांच्या तोंडाशी पू झाला. पुन्हा टेबल, पुन्हा भूल, पुन्हा पिशव्या. बोट वाचलं, पण ताठलं, तळहाताला टेकेना. मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. आवाज चढवून म्हणालो, "हात पाण्यात घातला असणार तुम्ही!" ती म्हणाली, "न्हाई हो सायेब, एकदाबी न्हाई." मी ऐकून घेतलं नाही. शेवटी तिलाच वाटायला लागलं की घातला असेल.

पुढचे चार महिने मामा कामावरून सुटले की वाट वाकडी करून तिच्या घरी जायचे आणि ते बोट कोमट पाण्यात धरून वाकवायला शिकवायचे. मला हे उशिरा कळलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली आणि मामांची निवृत्ती आली. मी शाल-नारळाची तयारी केली. म्हणाले, "शाल नको. तुमी त्या अलकाला जाऊन खरं सांगा." मी म्हणालो, "मामा, मी आधी तुमची माफी मागतो." तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "माझी कशाला? माझ्या वाट्याला धूर आला. तिच्या वाट्याला बोट आलंय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं अलकाच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले. मी उभ्यानंच सांगितलं: तुमच्या हाताला ऑपरेशनची गरज नव्हती, बांधून भागलं असतं, पू झाला तो माझ्या तारांमुळं, तुम्ही पाण्याचं खरं सांगत होता.

अलकानं आपली ताठ करंगळी पुढं केली. "म्हंजे मी हात पान्यात घातला म्हनून न्हाई झालं?"

"नाही."

तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, "आत्याबाई! भायेर या. डॉक्टर काय म्हंत्यात ऐका." सासूबाई काठी टेकत आल्या. अलका म्हणाली, "परत सांगा सायेब. मोठ्यानं सांगा, त्यांना कमी ऐकू येतं."

मी परत सांगितलं. मोठ्यानं. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. चौघांसमोर ओरडून आपला गुन्हा सांगायचा, हे मला सुचलं नसतं, मामांनाही नसतं.

सासूबाई सुनेकडं वळल्या. "मंग मी चार वर्सं उगंच बोलले व्हय तुला? डॉक्टरनं करून दिलेला हात घालवला म्हनून?" म्हातारीनं काठी माझ्याकडं केली. "आन् तुमी चार वर्सं गप बसला व्हय?"

"हो," मी म्हणालो.

अलका एकदम हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "ताठ तर ताठ, बोटाचं काय न्हाई. पन रोज भाकरी थापताना वाटायचं, आपल्याच हातानं घालवलं. माफ केलं का, ते आत्ता इचारू नका. चहा घ्या."

परत येताना मला कडकडून भूक लागली. रस्त्यात गाडी थांबवून मी तीन वडापाव खाल्ले. मामा बघत होते. "खावा. आता पचंल."

आमच्याकडं आता आधी मूठ बघतात, मग एक्स-रे. गरज असली तर ऑपरेशन करतोच. पण जमेल तिथं फक्त हात बधिर करून, धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी चादरींवर, मोजक्या हत्यारांत. एका दवाखान्यानं ती भट्टी थंड होत नाही. मामा म्हणाले, "धूर हाय तसाच हाय. पन आता शिवी देताना तुमचं नाव घेत न्हाई."

यंदा ते कर्जतला लेकीकडं राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं. मी पुढं होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मामा, मूठ वळा बरं." त्यांनी वळली. सगळा जन्म ओल्या प्लास्टरमध्ये गेलेली ती बोटं अर्ध्यावरच थांबली. करंगळी तर बाहेरच राहिली.

"वाकडी हाय," मामा म्हणाले. "पन हिला टेबल नको, डॉक्टरसाहेब. जरा वेळ धरून ऱ्हावा नुसती."

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मी धरून राहिलो.