मारलं ते दुसरंच

अकिता प्रांतातल्या एका डोंगरगावात अस्वल दिसलं की नगरपालिकेचा पहिला फोन शिकारी इवाओ हाताकेयामाला जायचा. सत्तरी आली तरी त्याच्या नेमावर गावाचा भरवसा होता.

जूनमध्ये शेजारच्या सोतारोची बायको तोमिए बांबूचे कोंब खुडायला रानात गेली, ती परतलीच नाही. शोधायला गेलेल्यांत इवाओ पुढे होता. अस्वलाने फाडलेलं तिचं प्रेत त्यालाच दिसलं. पोलिसांनी जागा अडवली. नगरपालिकेच्या किमिकोने तिच्या कपड्यांना चिकटलेले अस्वलाचे केस तपासणीला पाठवले आणि जवळच पिंजरा लावला.

पिंजऱ्यात एक मादी सापडली. लोक म्हणाले, अहवालाची वाट कसली बघता? इवाओने गोळी घातली. सोतारोने त्याचे दोन्ही हात धरले. "उपकार झाले रे."

तेव्हापासून इवाओला चैन पडेना. जेवताना उठायचा, रानाकडे बघत राहायचा.

एका सकाळी किमिको त्याच्या शेतावर आली. "काका, केस जुळत नाहीत. मारलं ते दुसरंच."

"सोतारोला मी सांगतो. गोळी माझी होती."

सोतारोच्या दारात सून उभी होती. "मामंजी फुलं घेऊन वर गेलेत. तुम्हीच म्हणालात ना, आता भीती नाही म्हणून?"

इवाओ बंदूक घेऊन धावला. सोतारो बांबूच्या गचपणात, तोमिए पडली होती तिथेच, भाताचे गोळे मांडून बसला होता.

"ऊठ. तोमिएला मारलं ते अस्वल अजून मोकळं आहे."

सोतारो त्याच्याकडे बघत राहिला. "खात्री नव्हती, तर माझे आभार का घेतलेस?"

मागे बांबू सळसळले. वारा असेल, नसेल. एकमेकांना पाठ लावून दोघं खाली आले.

पुढे पिंजऱ्यात मोठा नर अडकला. या वेळी इवाओ अडून बसला. "अहवाल आल्याशिवाय बंदूक उचलणार नाही."

ताडपत्री टाकलेला पिंजरा गोदामात ठेवला. आत ते अस्वल सळयांवर धडका देई, आवाज घराघरांत पोचे. "म्हातारा घाबरला," लोक कुजबुजले. सोतारो मात्र रोज येऊन गोदामाबाहेर बसायचा.

अखेर किमिको कागद घेऊन आली. केस जुळले होते. सोतारोने तो कागद स्वतः वाचला, पुन्हा वाचला, मग बाजूला सरकला.

"आता घाल," तो म्हणाला.

इवाओने नेम धरला. मग चाप ओढला.