खिळ्यावरची किल्ली

चुडामणभाऊंच्या दोन गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. एक त्यांचं अक्षर. म्युनिसिपालिटीच्या सभेचा वृत्तान्त ते लिहीत, तो बघायला मामलेदार कचेरीतले कारकून मुद्दाम येत. दुसरी गोष्ट जरा चमत्कारिक होती. ते 'चालेल' असं कधी म्हणत नसत. त्यांच्या बायकोनं, भिकुबाईनं, ताट वाढताना विचारावं, "आज वरणात मीठ कमी पडलंय, चालेल ना?" तर ते नुसती मान हलवत आणि जेवू लागत. वाण्यानं विचारलं, "जुनी तूर चालेल का, भाऊ?" तर म्हणत, "दे." लोक हसत. भिकुबाई म्हणत, "यांना त्या शब्दाचं पथ्य आहे." ते पथ्य कशानं लागलं, हे मात्र भाऊंनी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

भाऊ मूळचे सोनगीरकडचे. मराठी शाळेची शेवटची परीक्षा धुळ्याला जाऊन पास झाले आणि १९०७ साली तापीच्या अलीकडच्या या लहानशा गावात म्युनिसिपालिटीचे कारकून झाले. आधीच्या कारकुनाची नोकरी का गेली, हे शिपायानं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. एका विधवेची गाय कोंडवाड्यात अडकली होती आणि घरी वासरू हंबरत होतं. त्या कारकुनानं कमिटीला न विचारता फाटक उघडलं. पुढच्या सभेत त्याच्याविरुद्ध ठराव झाला आणि तो घरी बसला. भाऊंनी ती गोष्ट मनात घट्ट बांधून ठेवली. ठराव नाही तर काम नाही. सभेची विषयपत्रिका तीन दिवस आधी सभासदांच्या घरी पोचायची. तिच्यात नसलेला विषय 'आयत्या वेळचा' म्हणून सगळ्यांत शेवटी, तोही अध्यक्षांनी परवानगी दिली तर. अकरा वर्षांत भाऊंच्या हातून एकही विषय इकडचा तिकडे झाला नव्हता. अध्यक्ष मोतीलालशेठ चारचौघांत म्हणत, "आमचा चुडामण म्हणजे घड्याळ." ते ऐकून भाऊंना दोन दिवस अन्न गोड लागे.

मग १९१८ साल आलं. उन्हाळ्यात पटकी झाली, तेव्हा पिंजार गल्लीतली विहीर म्युनिसिपालिटीनं बंद केली. वर फळ्यांचं झाकण बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली भाऊंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला आली. पावसानं त्या वर्षी दगाच दिला. पटकी सरली, डॉक्टरांनी विहिरीचं पाणी तपासून ते पिण्याजोगं असल्याची चिठ्ठी दिली, ती भाऊंनी फायलीत लावली. झाकण काढायला ठराव हवा होता. सभा झाल्या, पण दरवेळी काहीतरी जास्त महत्त्वाचं निघालं आणि विहीर राहून गेली. गल्लीतली माणसं नदीच्या पात्रात झिरे खणून पाणी आणू लागली. पाऊण कोस जायचं आणि पाऊण कोस यायचं.

नवरात्र लागलं आणि मानमोडी आली. ताप यायचा, मान मोडून यायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडधाकट माणूस जायचा. सरकारी कागदात तिचं नाव इन्फ्लुएंझा होतं. गावात रोज सात-आठ तिरड्या निघत. शाळा बंद झाल्या, बाजार बसेना. म्युनिसिपालिटीची सोमवारची सभा मात्र ठरल्याप्रमाणे होणार होती, कारण तिची विषयपत्रिका गुरुवारीच निघाली होती.

शनिवारी दुपारी खाजा पिंजारी कचेरीत आला. भाऊ त्याला ओळखत. दर हिवाळ्यात तो धुनकी खांद्यावर टाकून दारोदार गाद्या-रजयांचा कापूस पिंजत फिरे. आज त्याच्या हातात दुसऱ्याकडून लिहून घेतलेला अर्ज होता आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"भाऊ, बठ्ठी गल्ली आडी पडेल शे," तो म्हणाला. "पानी आनाले मानूस नही. मनी बायको रहिमाबी तापमा शे, पोर ताजबी तापमा शे. मीच तेवढा उभा शे. तेवढी विहीर उघाडी द्या."

"अर्ज ठेव. सोमवारी सभा आहे."

"सोमवारले व्हई जाई ना?"

"सभेपुढे ठेवतो," भाऊ म्हणाले. अर्जावर त्यांनी आवक क्रमांक घातला आणि तारीख टाकली. खाजा दोन पावलं गेला, वळला, हात जोडले आणि गेला. किल्ली भाऊंच्या डोक्यामागं हातभर अंतरावर होती. तिची आठवण त्यांना झाली नाही असं नाही. झाली, आणि तिच्याबरोबर तो कोंडवाड्याचा कारकूनही आठवला.

सोमवारी सभेला सहा सभासद आले, बाकीचे आजारी. तोताराम वकील नाकाशी कापराची पुरचुंडी धरून खिडकीजवळ बसले. पहिला विषय बाजारातल्या ओट्यांचा. दुसरा दिव्यांच्या रॉकेलचा. तिसरा, कलेक्टरसाहेब दौऱ्यावर येणार म्हणून वेशीत उभारायच्या कमानीचा. त्यावर पाऊण तास गेला.

"सुस्वागतम् एकाच बाजूला लिहायचं की दोन्ही?" तोताराम वकिलांनी विचारलं.

"दोन्ही कशाला?" मोतीलालशेठ म्हणाले. "जाताना साहेबांची पाठ असणार."

"घोड्यावर उलटं बसून गेले तर?"

अभिमन पाटील हे सभासद एरवी फारसं बोलत नसत. ते म्हणाले, "आधी कमानीखाली उभं राहायला माणसं उरू द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

सगळे हसले, आणि हसता हसता पाटलांनाच खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. वकिलांनी खुर्ची मागं सरकवली. दोघे सभासद उठून जोडे शोधू लागले. मोतीलालशेठनी उपरणं तोंडावर धरलं आणि उपरण्याआडून विचारलं, "अजून काही राहिलं का, चुडामण?"

भाऊ खाजाचा अर्ज हातात घेऊन उभे होते. शेठजींच्या कपाळावर घाम होता. जोडे सापडलेले सभासद त्यांच्याकडे बघत होते. कोणी 'नको' म्हणालं नव्हतं. शेठजींनी तर विचारलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

"एक आयत्या वेळचा अर्ज आहे," भाऊ म्हणाले. आणि त्यांना सवयच झाली होती समोरच्याची सोय बघण्याची, म्हणून पुढचं वाक्य आपोआप तोंडून गेलं. "पुढच्या सभेला घेतला तरी चालेल."

"मग घे पुढच्या सभेला," शेठजी म्हणाले. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. भाऊंनी वळणदार अक्षरात लिहिलं: आयत्या वेळचा विषय, वेळेअभावी तहकूब.

पुढची सभा दसऱ्यामुळे आणखी लांबली आणि दहाव्या दिवशी झाली. ठराव एका ओळीत, चर्चेवाचून मंजूर झाला. तो लिहून शाई वाळायच्या आत भाऊंनी खिळ्यावरची किल्ली ओढली. हे काम शिपायाचं, पण शिपाई येईपर्यंत त्यांना धीर धरवेना. धोतराचा सोगा हातात धरून ते भर उन्हात पिंजार गल्लीपर्यंत धावत गेले. कुलूप गंजलं होतं. दगडानं ठोकून ते त्यांनी उघडलं, फळ्या बाजूला केल्या आणि कोणाची तरी बादली उचलून स्वतःच पाणी शेंदू लागले. एक बादली, दुसरी, तिसरी. दारादारांतून माणसं भिंतीला धरून बाहेर आली. खाजाही आला.

"ताजबी कशी आहे?" भाऊंनी विचारलं.

"शुक्रवारले गयी," खाजा म्हणाला. "पानी मांगे. मी नदीवर गयथू. येस तवलोंग..." भाऊंच्या हातातली बादली त्यानं हळूच घेतली. "तुम्ही कसाले शेंदतस? तुम्ही उघाडी दिनी तेच पुष्कळ व्हयनं. मी हाई इसरनार नही, भाऊ."

ताजबी नऊ वर्षांची होती.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. भाऊ बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, आणि भिकुबाईनं विचारलं, "भाकरी सकाळची आहे, चालेल ना?" तेव्हा त्यांना तो शब्द काढता आला नाही. तो पहिला दिवस.

थंडी पडली तसा खाजा धुनकी घेऊन दारात आला. भाऊंच्या घरची रजई मागून घेतली, कापूस पिंजून पुन्हा भरली, टाके घातले आणि मजुरी घेईना. "भाऊनं आमनासाठे विहीर उघाडी," एवढंच म्हणाला. पुढं दर वर्षी हेच झालं. सबंध गावात कोणाची नसेल इतकी भाऊंची रजई एकसारखी आणि हलकी असे. भिकुबाई शेजारणींना बोलावून ती दाखवत. "तापाच्या साथीत साहेबलोकसुद्धा घरात दडले होते, हे मात्र धावत गेले." भाऊ ओसरीवर असले तर टोपी घालून उठून जात. खाजा यायच्या दिवशी त्यांना कचेरीत हटकून काम निघे. वृत्तान्ताच्या वहीत ते पान होतं. कधी जुना ठराव शोधायचा झाला तर त्या पानाशी बोटं अडखळत आणि ते दोन पानं एकदम उलटत.

मनाशी त्यांनी पुष्कळ हिशेब मांडले. पाण्यानं पोर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. घरोघरी पाणी होतं तिथंही माणसं गेली. हे सगळं खरं होतं. पण ताजबी गेली तेव्हा तिचा बाप तिच्याजवळ नव्हता, नदीवर होता, आणि तो नदीवर का होता हे चुडामणभाऊंना ठाऊक होतं.

१९३४ साली ते कामावरून मोकळे झाले. सत्कारात मोतीलालशेठ काठी टेकत उठले आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षांत एक चूक नाही." भाऊंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्या हिवाळ्यात खाजा आला तेव्हा भाऊ उठून गेले नाहीत. दोघेही म्हातारे झाले होते. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं, धुनकीची तात वाजत होती आणि कापूस उडत होता. भाऊ ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "खाजा, विहिरीची किल्ली माझ्याकडंच होती."

तात वाजतच होती. "ती ते म्युनिसिपालटीनी."

"माझ्या खुर्चीमागं खिळ्याला. तू अर्ज दिलास तेव्हाही."

तात थांबली.

"मंग सभामा कोन नही म्हने?"

"कोणीच नाही. शेठजींनी मला विचारलं, अजून काही आहे का. मीच सांगितलं, पुढच्या सभेला चालेल म्हणून."

किती वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून आला होता. खाजानं धुनकी पुन्हा उचलली आणि उरलेला कापूस पिंजला, घाई न करता, नेहमीसारखाच. रजई भरली, टाके घातले, दोरा दातानं तोडला. भिकुबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"आज नको, अक्का," तो म्हणाला.

निघताना तो ओट्यापाशी थांबला. "हाई सांगाले नको व्हतं, भाऊ. पोर गयी ती गयी. पन आमनासाठे एक मानूस धावना, इतलं धरीसन बठेल व्हतू मी. आज तेबी तुम्ही काढी लिनं."

भाऊंना वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. ते उतरलं नाहीच, वर आणखी एक चढलं. सोळा वर्षं गप्प राहिले ते स्वतःसाठी, आणि बोलले तेही स्वतःसाठीच, हे त्यांना खाजाची पाठ कोपऱ्यावर वळताना कळलं.

पुढच्या थंडीत खाजा आला नाही. बाजारात तो दिसे. समोरासमोर आले तर सलाम करी आणि वाट धरी. दुसऱ्या वर्षीही तो आला नाही. रजईतला कापूस जागोजागी गोळा होऊ लागला, मधे नुसतं कापड राहिलं. भिकुबाई म्हणाल्या, "धुळ्याचा एक पिंजारी गावात उतरलाय, त्याला बोलावते."

"नको," भाऊ म्हणाले.

"अहो, अंगाला थंडी लागते."

"लागू दे."

१९४१ च्या पौषात भाऊ गेले, तोवर ती रजई तशीच होती. कापसाच्या गाठी हातानं चाचपून, जिथं थोडी ऊब उरली असेल तिथं ते पाय ओढून घेत.