विड्यांच्या पडवीतला रेडिओ

अकराव्या वर्षी माझी पक्की समजूत होती, की माझा आवाज रेडिओसारखा आहे. तसं कुणी म्हणालं नव्हतं. आई तर म्हणायची, "कावळा बरा, तो मधनंमधनं दम तरी खातो." पण निपाणीतल्या आमच्या बोळात मुंबईचा रेडिओ ऐकून तो दुसऱ्यांना सांगणारी पोर मी एकटीच होते. डोक्यात हवा जायला तेवढं पुरलं.

रेडिओ डॉक्टरांच्या घरी होता. बॅटरीवर चालायचा, आणि त्याची तार माडीवरनं शेवग्याच्या झाडापर्यंत ओढलेली होती. लढाईचे दिवस, म्हणून मोठी माणसं बातम्यांना जमायची. आठवड्यातनं एकदा दिवेलागणीच्या आधी मुलांचा कार्यक्रम लागायचा. माझे वडील शाळामास्तर आणि डॉक्टरांचे स्नेही, त्यामुळं मला अगदी पुढची जागा. रेडिओवरच्या बाई "बालमित्रांनो" म्हणाल्या, की मी मान हलवून "हो" म्हणायची. डॉक्टरीणबाई पदराआड हसायच्या. मला वाटायचं, कौतुकानं हसतायत.

हा कार्यक्रम सगळ्या मुलांसाठी आहे, असं बाई दर वेळी सांगायच्या. आमच्या बोळातली निम्मी मुलं मात्र त्या वेळी विड्या वळत असायची. बोळाच्या तोंडाशी एक लांबलचक पडवी होती. तिथं बाया आणि पोरी मांडीवर सुपं घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात थांबला की मुकादम खाकरायचा. तिथनं उठून डॉक्टरांकडं जाणं कुणाला शक्य नव्हतं. मग कार्यक्रम संपला की मी धावत पडवीत जायची आणि खांबाला टेकून तो पहिल्यापासनं सांगायची. अगदी "बालमित्रांनो"पासनं. समोर बसलेल्या बालमित्रांत दोन आज्ज्या होत्या.

मुकादमानं मला एकदाही हाकललं नाही. गोष्ट चालू असली की हात भरभर चालतात, हे त्याला कळलं होतं. शिवाय तो स्वतःच खांबामागं उभा राहून ऐकायचा. बाया गोष्टीला हुंकार द्यायच्या. "हूं" आलं की पुढं जायचं, नाही आलं तर समजायचं, की गोष्ट पडली. अर्धा कार्यक्रम खरखरीतच गेलेला असायचा. तिथं मी पदरचं घालायची, आणि पदरचं म्हणजे राजपुत्र. एकदा रेडिओवर मधमाशीची माहिती होती, तरी मी तिच्यात राजपुत्र घातला.

माझी खरी परीक्षा घ्यायची ती आक्का. आक्का म्हणजे माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठी, आईशेजारी बसून विड्या वळणारी मुलगी. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सुपातली नजर वर न काढता ती मला अडवायची. "असं कसं हुईल गं? ती म्हातारी येवढी शानी हाय, ती कशाला त्या वाघाच्या संगं जातीया? ती म्हनली असंल, तू हो म्होरं, मी आले." आणि सगळी पडवी "हूं" म्हणायची. मला राग यायचा. रेडिओ मी, आणि हुंकार तिला. घरी येताना मी पाय आपटत यायची.

एका आठवड्यात बाईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. दुष्काळ पडलेला गाव. एके दिवशी ढग येतो, पण तो फक्त एका म्हातारीच्या झोपडीवर थांबतो आणि तिथंच पाऊस पाडतो. शेजारची घरं कोरडी ठाक. पुढं काय झालं ते मुलांनी लिहून पाठवायचं. सगळ्यांत चांगला शेवट रेडिओवर वाचून दाखवणार होते.

मी त्याच दिवशी सात पानं लिहून काढली. राजपुत्र, शाप, हिमालय, आणि शेवटी लग्न. म्हातारीला मी दुसऱ्या पानावरच मारून टाकलं होतं, राजपुत्राला ती अडचणीची होत होती.

पडवीत अर्धी गोष्ट सांगितली तेव्हा आक्काचा हात चालूच होता. तीन-चार विड्या वळून झाल्यावर म्हणाली, "त्या म्हातारीचं तर लई हाल हुत असत्याल. चूल पेटत न्हाय, वाकळ वाळत न्हाय. तीच शेजारणीला म्हनली असंल, तुझं छप्पर माझ्या छपराला जोड. मग तिच्या शेजारणीनं जोडलं, मग तिच्या. सगळ्या गावाचं एकच छप्पर झालं. मग ढगाला तरी काय कळणार, म्हातारीचं घर कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं? पडला सगळ्यांवर."

असा हुंकार मी त्या पडवीत कधी ऐकला नव्हता. मुकादमसुद्धा "हूं" म्हणाला.

"हे धाड की गं मुंबईला," आक्का म्हणाली. "माझी गोष्ट त्यास्नी आवडती का बघू."

घरी जाऊन मी माझी सात पानं गादीखाली सारली आणि तिचा शेवट लिहायला बसले. खाली नाव, वय आणि शाळा लिहायची होती. आक्काला शाळा कुठली? तिथं मी जी वकिली केली, तशी बेळगावच्या कोर्टातही कुणी केली नसेल. शाळेशिवाय कागद बाद होणार. कागद बाद झाला तर गोष्ट जाणार. म्हणजे गोष्टीच्या भल्यासाठी नाव माझंच लिहायला हवं. लिहिलं, आणि पुन्हा वाचून बघितलं. अक्षर फार सुरेख आलं होतं.

निकालाच्या दिवशी आक्कानं मुकादमाला विचारलं होतं, "घटकाभर जाऊन ऐकून येऊ का?" तो नाही म्हणाला. वळून झालेल्यातल्या पुष्कळ विड्या त्या दिवशी खराब, छाट म्हणून बाजूला पडल्या होत्या, त्या पुन्हा वळायच्या होत्या. तिनं मला वाटेत गाठून सांगितलं, "मन लावून ऐक गं. आली का न्हाय, तेवढंच सांग."

आली. बाईंनी गावाचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, माझं घेतलं, आणि मग ती छपरांची गोष्ट त्यांच्या गोड आवाजात सगळी वाचली. त्या दिवशी खरखर एवढीशीही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली. ज्यांनी आयुष्यात कधी शाबासकी दिली नव्हती, त्या माझ्या वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते डॉक्टरांना म्हणाले, "आमच्यात एवढी अक्कल कुणाला नव्हती हो. कुणावर गेलीय कोण जाणे." मी खाली बघत होते. सगळ्यांना तो विनय वाटला.

मग पडवीत जावं लागलं. न जाऊन चाललं नसतं, साऱ्या बाया वाट बघत होत्या. डॉक्टरांच्या घरातलं पडवीत पोचवणारी मी एकटीच, म्हणजे मी सांगेन तेच खरं. चालत गेले असते तर कदाचित विचार तरी केला असता. मी नेहमीसारखी धावत गेले.

"आली का गं?" आक्कानं विचारलं. तिचा हात थांबला होता, आणि मुकादम खाकरला नाही.

आली म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, नाव कुणाचं घेतलं? माझ्या तोंडात अजून साखर होती.

"न्हाय आली," मी म्हणाले.

"मग कुणाची आली?"

हा प्रश्न माझ्या वकिलीत बसला नव्हता. कुठली तरी गोष्ट सांगायलाच हवी होती, आणि तयार अशी एकच होती. मी खांबाला टेकले आणि माझी गादीखालची सात पानं सांगायला लागले. राजपुत्र आला, शाप आला. म्हातारी मेली तिथं हुंकार थांबला. हिमालयापाशी मुकादम उठून कंदील पुसायला गेला. लग्नापर्यंत पोचले तेव्हा पडवीत नुसता कात्र्यांचा आवाज होता. माझी गोष्ट किती टाकाऊ आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तरी मी ती पुरी केली.

आता आक्का ह्या गोष्टीचा फडशा पाडणार, म्हणून मी वाट बघत राहिले. तिनं काही तरी बोलावं, असं मला फार वाटत होतं. 'असं कसं हुईल गं' म्हणाली असती, तर मी बहुतेक तिथंच रडून सगळं सांगितलं असतं. तिनं सुपातली नजर वर काढली.

"ही पैली आली?"

"व्हय."

"मग आसंल चांगली," ती म्हणाली. "मला गोष्टीतलं काय कळत न्हाय म्हनायचं." आणि सूप पुढं ओढून तिनं पान कापायला घेतलं.

त्यानंतर आक्कानं मला कधी अडवलं नाही. मी मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं, मधमाशीचं लग्न राजपुत्राशी लावून बघितलं, तरी ती इतर बायांसारखी नुसती "हूं" म्हणत राहिली. शेवटी शेवटी मी गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि तिच्या समोर बसून विचारायची, "आक्का, सांग की गं, म्होरं काय झालं असंल?"

"मला काय ठावं," ती म्हणायची. "तूच सांग. तू ऐकून आलीयास."