एसटी सापडली ते दिवस

सोमवारी नामदेव उशिरा आला आणि मला राग आला नाही. तिथूनच हे सगळं सुरू झालं, म्हणून लिहितोय...

मी बोईसरला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. आमच्याकडे चालू प्लांट सोडून जाता येत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, ताबा घेतो, मगच आपण निघायचं. त्या माणसाला रिलिव्हर म्हणतात. तो उशिरा आला की माझी गावाकडची, घिवलीची एसटी चुकते, आणि मग पुढची येईपर्यंत स्टँडवर माशा मारत बसायचं.

नामदेव आमच्याच गावचा, लांबच्या नात्यातला. त्याच्या आधी वर्षभर माझा रिलिव्हर होता शिवप्रसाद. बिहारचा, कॉन्ट्रॅक्टवर. बायको आणि लहान मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहतो. सुरुवातीलाच दोन-तीनदा त्याला उशीर झाला आणि माझं मत पक्कं झालं... हा माणूस कायमचा लेट आहे.

एकदा मत झाल्यावर पुरावे काय, मिळतच गेले. तो धावत आला की मी मनात म्हणायचो, बघा, उशीर झालाय म्हणून पळतोय. शांतपणे चालत आला की, बघा, याला कसली पर्वाच नाही. बिचाऱ्याने यावं तरी कसं...

त्यात मी शिफ्ट संपायच्या आधीच कपडे बदलून, बॅग खांद्याला लावून गेटकडे डोळे लावायचो. मग वेळेवर आलेला माणूससुद्धा मला उशिराच आलेला वाटायचा.

कँटीनमध्ये हेच बोलायचो. चार जण हो ला हो म्हणायचे. त्यांनी शिवप्रसादबद्दल जे काही ऐकलं होतं ते माझ्याच तोंडून, हे माझ्या लक्षात येत नव्हतं. मला वाटायचं, मी एकटाच नाही, सगळेच म्हणतात.

दिवाळीनंतर मी सुपरवायझरकडे तक्रार केली. शिवप्रसादला दुसऱ्या प्लांटला टाकलं, कायम नाइट शिफ्टला. त्याच्या जागी नामदेव आला आणि मी खूश झालो.

तर सोमवारी नामदेव उशिरा आला. मीच त्याला म्हटलं, ट्रॅफिक लागलं असेल ना रे... आणि हसत हसत निघालो. एसटी अर्थातच गेली होती.

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील उतरवत होती. दव पडायच्या आत ते काढावे लागतात, आणि मी नसलो की सगळं तिच्या एकटीवर पडतं. मी हात लावला. बोलता बोलता म्हटलं, नामदेवला जरा उशीर झाला, पण माणूस चांगला आहे.

"गेल्या आठवड्यात पण झाला होता," ती म्हणाली. "तवा तुमी काय बोलले नाय."

मी म्हटलं, शिवप्रसादसारखं रोज तर नाही ना.

तिने हातातले बोंबील टोपलीत टाकले आणि विचारलं, "मंग ज्या दिवशी तुमी लवकर घरी येत होते, त्या दिवशी तुमाला सोडवायला कोन येत होता?"



खरंच, लवकर यायचो की मी. बरेचदा यायचो. उन्हं असतानाच यायचो, तिच्याबरोबर बोंबील उतरवायचो, चहा पिऊन किनाऱ्यावर फेरीसुद्धा मारायचो. आणि घरात शिरताना काय म्हणायचो? आज एसटी सापडली...

एसटी चुकली की ती शिवप्रसादमुळे. सापडली की ती आपली आपण सापडली. त्याने वेळेआधी येऊन मला मोकळं केलंय, हे वर्षभरात एकदाही डोक्यात आलं नाही. मला इतकी लाज वाटली की बायकोकडे बघवेना.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याची खोली शोधत गेलो. त्याच्या बायकोने हळू आवाजात सांगितलं की रात्रपाळीहून येऊन झोपलाय, उठवू का? मी नको म्हटलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिलो. वर्षभर मी त्याची वाट पाहिली होती, पण घड्याळ न बघता पाहिली ती त्या दिवशीच.

तो उठून बाहेर आला. मला बघून आधी त्याचा चेहराच उतरला. "क्या हुआ भैया, फिर कोई कंप्लेंट?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जमेल तशा हिंदीत माफी मागितली. तो "कोई बात नहीं" म्हणाला, पण आत या म्हणाला नाही. बोलावलं नाही तेच बरोबर होतं. मग तो म्हणाला, "आपकी बस का टाइम मालूम था भैया. जिस दिन हो सका, उस दिन जल्दी आया."



दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला जाऊन सांगितलं की माझी तक्रार चुकीची होती, त्याला परत त्याच्या आधीच्या शिफ्टला घ्या. ते म्हणाले, आता माणसं लावून झालीत, बघू. तक्रार करायला गेलो होतो तेव्हा "बघू" म्हणाले नव्हते. मी रोज विचारतोय. त्याला परत आणेपर्यंत विचारत राहणार आहे.

आज नामदेव वेळेआधी आला. मी थांबून त्याला थँक्यू म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. बायकोने विचारलं, "आज सापडली वाटतं एसटी?" मी म्हटलं, नाही गं, आज नामदेव लवकर आला.

हे वाक्य मी वर्षभर, शिवप्रसादचं नाव घेऊन म्हणायला हवं होतं.