शेकाआधीचं पाणी

त्या वर्षी पावसानं दगा दिला. ऊस वाळून गेला आणि वडील ज्या सहकारी साखर कारखान्यात कामाला होते, तो बंद पडला. गावाला टँकर यायचा, तोही आला तर. बोअरचं पाणी इतकं खारट, की चहा फाटायचा. त्यातच आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी शेकासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

सोबत मी गेले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच, तेही कॉम्प्युटर विषय घेऊन. याचा मला अभिमान होता, अजून आहे.

शेक म्हणजे किरणांचा उपचार. आधी स्कॅन काढतात, मग किरण कुठून सोडायचे, काय वाचवायचं, याचा आराखडा कॉम्प्युटरवर करतात. स्कॅनच्या वेळी नर्सनं समोर उभं राहून आईला पाणी पाजलं. "रोज शेकाआधी एवढंच प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची," असं बजावलंही.

पहिल्या शेकाला आई मशीनवर झोपली. थोड्या वेळानं मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञानं मलाच आत बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं होती. आराखड्यात लघवीची पिशवी फुगलेली, आतडी वर सरकलेली. आत्ताच्या चित्रात पिशवी चपटी आणि आतडी थेट किरणांची हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेच्या आत.

"असाच शेक दिला तर आतडं भाजेल," तो म्हणाला.

आई बाहेर आल्यावर विचारलं, "आये, पाणी पिलीस का न्हाई?"

"दोन घोट पिले की."

"आन् बाकीचं?"

तिनं हातातली कापडी पिशवी उघडली. आत दवाखान्यातल्या फिल्टरच्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या होत्या.

"लई गोड पाणी हाय. शनिवारी घरी जाताना तुझ्या बापासाठी नेते. नुसतं मुतायला कावून प्यायचं? कॉलेजात हेच शिकवलं का, पाणी नासायला?"

तंत्रज्ञाला विचारून तिला पडद्यासमोर नेलं आणि तिचं आतडं दाखवलं. तिनं दोन्ही चित्रं नीट बघितली. मग बाहेर येऊन बाकावर बसली आणि नर्सनं सांगितलं तेवढं पाणी न थांबता प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "एवढं एकटीनं पिले, हे तुझ्या बापाला सांगू नको."

लघवीची पिशवी भरल्यावर पुन्हा चित्र काढलं. ते आराखड्याशी जुळलं, आणि त्याच दुपारी पहिला शेक झाला.

पुढचे सगळे शेक पूर्ण झाले. नंतरच्या तपासण्यांत गाठ दिसली नाही. माझी आई बरी झाली.